उंबराचं फूल भरदुपारी पाहा

उंबराला फूल येतं ते मध्यरात्री, आणि ज्याला दिसतं त्याच्या घरी लक्ष्मी येते, असा मेसेज गेल्या आठवड्यात पुन्हा फिरून आला. क्वचित भेटणाऱ्याला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो, ते गोडच आहे. पण ते फूल पाहायला ना जागरण लागतं ना पुण्याई. ब्लेड पुरतं.

कच्चं, हिरवं उंबर मधोमध कापा, चीक पुसा आणि भिंग धरा. आतली भिंत बारीक फुलांनी गच्च भरलेली दिसेल. आपण जिला फळ म्हणतो, ती आत वळून मिटलेली फुलांची परडी आहे. टोकाला एकच छिद्र, तेही खवल्यांनी बंद. वारा आत शिरत नाही, मधमाशी मावत नाही. मग परागीभवन कोण करतं?

केंबरू, म्हणजे उंबरातला इवला पंखवाला किडा! 'उंबर फोडून केंबरं काढणे' यातलंच. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन, लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. उंबराच्या वासावर मादी येते आणि खवल्यांतून अंग रेटत आत घुसते. त्यात तिचे पंख तुटतात. छातीवरच्या खिशांत आणलेले पराग ती पुढच्या पायांनी फुलांवर टाकते आणि अंडी घालत सुटते. परागवाहिनी म्हणजे फुलाच्या टोकापासून तळातल्या बीजकोशापर्यंत जाणारी नळी. आखूड परागवाहिनीच्या फुलात मादीची अंडनलिका तळापर्यंत पोचते, तिथे गाठ होऊन पिल्लू वाढतं. लांब परागवाहिनीच्या फुलात ती सहसा पोचत नाही, तिथे बी धरतं. मादी आतच मरते. काही आठवड्यांनी बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, गाठींतल्या माद्यांशी मीलन करतात, उंबराची भिंत पोखरून वाट काढतात आणि संपतात. एव्हाना नरफुलं तयार असतात. नव्या माद्या त्यांचे पराग खिशांत भरून त्याच वाटेने उडतात.

इथून पुढचं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. उडालेली मादी जगते एखाद-दोन दिवस. तेवढ्यात तिला नेमक्या कच्च्या अवस्थेतलं उंबर सापडायला हवं. ज्या झाडावरून ती निघाली, तिथली बहुतेक फळं एकदमच पिकायला आलेली असतात. म्हणजे दुसरं झाड हवं, तेही वेगळ्या टप्प्यावरचं. रानातली सगळी उंबरं एकाच महिन्यात बहरली असती, तर केंबरांची साखळी तिथेच तुटली असती. ती मागेपुढे बहरतात, म्हणून केंबरू टिकतं.

आणि म्हणूनच इतर झाडांवर काही नसतं तेव्हाही रानात कुठे ना कुठे उंबर पिकलेलं असतं. वड, पिंपळ, पायर यांचीही हीच रीत, फक्त केंबरं ज्याची त्याची वेगळी. हरियल, धनेश, शेकरू, वटवाघूळ यांचे पडते दिवस या झाडांवर निघतात. 'उंबर पिकले आणि नडगीचे डोळे आले' या म्हणीतली नडगी म्हणजे अस्वल, तेही खाली पडलेल्या सड्यावर येतं. तोडलेल्या एका जुन्या उंबराबदली दहा रोपं लावली की हिशेब मिटला, असं सांगणाऱ्यांनी आधी हे वेळापत्रक पाहावं. ती दहा रोपं फळाला येईपर्यंत दोन दिवसांचं आयुष्य घेऊन निघालेली मादी कुठल्या झाडावर उतरणार?

पिकलेलं उंबर हाती आलं, तर त्यावरचं बारीक भोक शोधा. ते आतून पाडलेलं असतं.