सत्तर वर्षांची एमजी आणि पंपावरचं नवं पेट्रोल

एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश गाडीच्या इंजिनाचा एखादा बोल्ट खोलायला घ्या. त्याचं डोकं व्हिटवर्थ मापाचं, म्हणजे इंग्लंडात १८४१ साली मांडल्या गेलेल्या पद्धतीतलं. आटे मात्र मेट्रिक. ब्रिटिश गाडीत हे फ्रेंच आटे आले ते पहिल्या महायुद्धामुळे. हॉचकिस या फ्रेंच कंपनीने मशिनगन बनवण्यासाठी कॉव्हेंट्रीत कारखाना काढला होता. युद्धानंतर, १९२३मध्ये, तो मॉरिसने, म्हणजे एमजी ज्यांच्या घरातली त्या मोटार कंपनीने, विकत घेतला. आटे पाडायची यंत्रं मेट्रिक होती आणि ती बदलण्यापेक्षा ब्रिटिश मेकॅनिकच्या पान्यात बसेल असं डोकं बोल्टाला देणं स्वस्त होतं. पाव इंची व्हिटवर्थ डोकं सुमारे १३.३ मिलिमीटर भरतं. आपला १३चा पाना त्यात जात नाही. १४चा जातो आणि बोल्टाचे कोपरे खातो. मग पुण्यातल्या मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाऊन पान्यांचे ढीग उपसणं आलं. शोधताना एवढं ध्यानात ठेवायचं, की व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा बोल्टाच्या दांड्याचा व्यास सांगतो, पान्याच्या तोंडाचं माप नव्हे.

टीडी १९५० ते १९५३ या काळात बनली. दोन माणसांची, उघड्या टपाची, १२५० सीसीची छोटी स्पोर्ट्स कार. अशी गाडी घरच्या पार्किंगमध्ये पुन्हा उभी करायची म्हटलं की ठरलेला वाद सुरू होतो: सगळं मूळचंच ठेवायचं, की नवे भाग घालायचे? मला हा वाद अर्धवट वाटतो. गाडी मूळची ठेवता येईल, पण ज्या पेट्रोलवर आणि ज्या रहदारीत ती चालायची, ते कुठून आणणार? १९५२चं पेट्रोल आज कुठल्याच पंपावर मिळत नाही. त्यामुळे काही बदल परिस्थितीच मागते, ते करावेच लागतात. उरलेले हौसेचे. कुठला बदल कशात मोडतो, हे मात्र रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राला विचारून ठरवावं, गाडीवेड्यांच्या कट्ट्यावर नव्हे.

आधी गंज. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पण प्रत्येक ओला डाग ही एक छोटी बॅटरी असते, हे सहसा सांगितलं जात नाही. पाण्याच्या थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर असतो, मध्यभागी कमी. मध्यावरचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन त्यांना घेतो. म्हणून पत्रा सगळीकडून सारखा झिजत नाही, त्याला खड्डे पडतात. दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतात त्या सांध्यात सगळ्यात वाईट अवस्था असते, कारण आत पाणी टिकतं आणि ऑक्सिजन पोहोचत नाही. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो सांधा आतून फाकवतो आणि वरचा रंग पुरीसारखा फुगतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने ती वरच असते. एरवीची कोरडी हवा आणि समुद्रापासूनचं अंतर ही मात्र मुंबईच्या गाड्यांना न मिळालेली चैन आहे.

विकत घेण्याआधी गाडीवरून लोहचुंबक फिरवावं. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, जाड पुट्टी आहे. मागच्या मालकाच्या डेंटर-पेंटरने काय झाकलं, हे चुंबक न बोलता सांगतं.

छोट्या भागांचा गंज घरी काढायची उत्तम पद्धत म्हणजे विद्युत-अपघटन. प्लास्टिकच्या टाकीत पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंजाचा काही अंश काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो आणि बाकीचा सैल होऊन ब्रशने निघतो. शाबूत लोखंडाला धक्का लागत नाही. ॲसिडमध्ये बुडवलं तर तेही खाल्लं जातं. तीन पथ्यं मात्र कडक पाळायची. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, कारण क्लोरीन वायू सुटतो. आणि हे काम उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. स्प्रिंगसारखे कडक पोलादाचे भाग या टाकीत घालू नयेत. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो.

जिथे गंज पूर्ण निघत नाही तिथे टॅनिन असलेलं रसायन लावतात. टॅनिन गंजातल्या लोहाशी जुळून काळसर, पाण्यात न विरघळणारा थर बनवतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा याच टॅनिनसाठी चामडं कमावायला वापरला जातो, आणि हिरडा व लोखंडाचा काळा रंग आपल्या रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. तरी कुणी हिरड्याचा काढा थेट चासीला फासू नये. बाटलीतलं तयार रसायन फॉस्फोरिक ॲसिडही सोबत घेऊन येतं आणि प्रमाणात असतं.

टीडीच्या पत्र्याखाली ॲश या लाकडाचा सांगाडा असतो. लवचीक, धक्का पचवणारं, स्क्रू धरून ठेवणारं लाकूड. क्रिकेटचे स्टंपही त्याचेच करतात. दार खाली लोंबत असेल तर बिजागरीला दोष देण्याआधी आतलं लाकूड टोचून बघावं.

आता पेट्रोल, म्हणजे खरी गोम. या गाडीच्या उमेदीच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असे. टेट्राइथाइल लेड इंजिनाचं ठोकणं थांबवतं, हा शोध जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांनी १९२१मध्ये लावला. शिशाने आणखी एक काम न सांगता केलं. जळल्यावर त्याचे क्षार एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर पातळ थर देत. तो थर नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह आणि ओतीव लोखंडाची बैठक एकमेकांना सूक्ष्म जागी चिकटतात, सुटताना कण उपटतात आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, खचत जातो. भारतात २०००मध्ये शिसं बंद झालं, आणि ते योग्यच झालं. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होत होता. जगातल्या पंपांवरचं शेवटचं शिसेयुक्त पेट्रोल २०२१मध्ये अल्जिरियात संपलं. उपाय सोपा आहे: हेड उघडलंच असेल तर लेथवाल्याकडून कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. पण रविवारी सकाळी पन्नासच्या वेगाने फिरणाऱ्यासाठी मुद्दाम हेड उघडू नये. खचण्याचा वेग तापमान आणि भाराबरोबर वाढतो. टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो ढकलणारा भाग यांतली फट, वेळोवेळी मोजत राहिलं की ते कळतं.

शिसं गेलं आणि इथेनॉल आलं. आज पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो साध्या पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो आणि या मिश्रणाला साधारण १३.५ किलो. आधुनिक गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. टीडीत हवेत पेट्रोल मिसळतात ते एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर, आणि त्यांना डोळे नाहीत. ते पूर्वीच्याच प्रमाणात पेट्रोल देतात, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं. पातळ मिश्रण हळू जळतं, इंजिन अडखळतं आणि एक्झॉस्टकडची बाजू जास्त तापते.

इथे पुण्याची उंची थोडी मदतीला येते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि हवेची घनता समुद्रकाठापेक्षा जवळपास पाच टक्के कमी आहे. एसयू कार्बोरेटरमधला पिस्टन वर-खाली होऊन आतला दाबफरक जवळपास कायम राखतो. त्यामुळे इंधनाचा प्रवाह तसाच राहतो, पण हवेचं वस्तुमान घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. हिशेब केला तर मिश्रण अडीच-पावणेतीन टक्के दाट होतं. आठातले तीन गेले म्हणू. उरलेल्या पाचाचं काय? पेट्रोल जेट नावाच्या बारीक नळीतून येतं आणि तिच्यात एक निमुळती सुई असते. कार्बोरेटरखालची जेटची नट थोडी फिरवून जेट खाली घेतला की सुईभोवतीची फट मोठी होते आणि पेट्रोल वाढतं. एवढ्याने भागलं नाही तर अधिक बारीक सुई घालायची. दहा मिनिटांचं काम, आणि जुनी सुई परत घालायलाही दहाच मिनिटं. माझ्या मते घरच्या गॅरेजमध्ये केलेला सगळ्यात शहाणा बदल हाच.

रबराचं प्रकरण मात्र टाळू नये. जुन्या रबरी नळ्या, कॉर्कचे पॅकिंग, पंपाचा पडदा यांना इथेनॉल फुगवतं किंवा कडक करून तडकवतं, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे आग. इंधनाच्या वाटेवरचं सगळं रबर इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरोकार्बन रबराचं घ्यावं. दुसरी भानगड पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि टाकी अर्धी रिकामी असली, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. पेट्रोलचा पाइप नेमका तळाजवळूनच ओढतो, आणि टाकी आतून गंजते ती याच थरामुळे. जूनमध्ये टाकी काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करून वाळवावी. दरम्यान, जास्त ऑक्टेनचं, म्हणजे न ठोकता जास्त दाब सोसणारं, महागडं पेट्रोल या गाडीत ओतणं म्हणजे निव्वळ दानधर्म. तिचं कॉम्प्रेशन सव्वासातच्या आसपास आहे, आणि युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये ती सत्तरीच्या ऑक्टेनवर निभावून नेत होती. आपलं साधं पेट्रोलही ९१च्या खाली नसतं.

विजेत फार खोलात जात नाही. या गाडीत बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या उलट. ते बदलायचं ठरवलंत तर ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल विसरू नका. स्पार्क प्लगचं मधलं टोक तापलेलं असतं आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून ठिणगी मधून बाहेर जाईल अशीच दिशा हवी. उलट झाली तर तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. वीज बनवणाऱ्या डायनामोलाही नवी दिशा शिकवावी लागते. हा डायनामो जेमतेम वीस अँपिअर देतो आणि सिग्नलवर इंजिन हळू चालत असताना जवळपास काहीच देत नाही. रात्री कर्वे रस्त्यावर रांगेत अडकलेल्या टीडीचे दिवे निव्वळ बॅटरीवर चालतात. डायनामोऐवजी आजच्या गाड्यांतला अल्टरनेटर बसवण्याआधी एलईडी बल्ब लावून बघावेत. वीज बनवण्यापेक्षा वाचवणं सोपं पडतं, आणि मागच्याला तुमचे ब्रेकलाइट दिसतात हा वरचा फायदा.

ब्रेकच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे फिरत्या डब्याच्या आतून लायनिंग दाबलं जातं. माणसांसह सुमारे १,०५० किलोची ही गाडी सिंहगडाच्या घाटात सहाशे मीटर उतरली असं धरलं, तर सुमारे सहा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेत अठरा लिटर पाणी उकळायला येईल. काही भाग इंजिन आणि हवा खाते, बाकी ड्रमवर. ड्रम तापून फुगतो आणि लायनिंगपासून दूर जातो, म्हणून पेडल खोल जात राहतं. नव्या गाड्यांतली ब्रेकची डिस्क उघडी असते, तापली तर पॅडच्याच दिशेने जाड होते. तरीही पुढे डिस्क लावण्याआधी ड्रम खरडून गोल करा, नवं लायनिंग आणि नवं ब्रेक ऑइल घाला. गिअर खाली ठेवून उतरणाऱ्याला एवढं पुरतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टस असतं. ड्रमला कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि ती फुप्फुसांवर बेतू शकते. धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं.

राहिला कायदा. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. सुई, रबरी नळ्या, बल्ब यांनी गाडीची ओळख बदलत नाही. दुसरं इंजिन टाकलं तर व्हिंटेजचा दर्जा हातचा जाऊ शकतो, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला (गाडीतल्या फेरफारांविषयीच्या) उत्तर द्यावं लागतं ते निराळंच. असला बेत असेल, तर लेथवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओत जाऊन विचारावं.