मुदत अर्ज आणि अपिलाची मुदतवाढ

साताऱ्यात किंवा कराडला कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला मुदत अर्ज शिकवावा लागत नाही. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले, साक्षीदार आजारी पडला, फेरफाराची नक्कल मिळाली नाही. अर्ज द्यायचा, खर्च बसला तर भरायचा, पुढची तारीख घ्यायची.

घोळ होतो तो परदेशातल्या निकालाच्या वेळी. मुलगा ब्रिटनमध्ये लेस्टरला, सून कराडला. तिचा व्हिसा नाकारलेला, आणि आता फर्स्ट टियर ट्रायब्युनलनेही, म्हणजे व्हिसाची अपिलं आधी ऐकणाऱ्या तिथल्या न्यायाधिकरणानेही, अपील फेटाळलेलं. घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, “वकिलाला सांगून मुदत घ्या, कागद जमले की बघू.” हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. वर ‘एक्स्टेन्शन’ हा शब्द सगळ्यालाच वापरतात: व्हिसा वाढवायचा तरी एक्स्टेन्शन, तारीख घ्यायची तरी एक्स्टेन्शन. अपिलाच्या बाबतीत तो शब्द बोलूच नये असं माझं ठाम मत आहे.

मुदत अर्ज चालू केसमध्ये पडतो. केस बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या सुनावणीच्या यादीत असते, न्यायाधीश फक्त तारीख बदलतात. म्हणून तो कामाच्या ऐवजी देता येतो: कैफियतीऐवजी मुदत, साक्षीऐवजी मुदत. ट्रायब्युनलचा निकाल लागला की तिथली केस संपलेली असते. अपर ट्रायब्युनलकडे, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाकडे, जायची परवानगी मागणारा अर्ज तुम्ही दाखल करेपर्यंत बोर्डावर काही नसतंच, मग पुढे ढकलणार काय? मुदत उलटली असेल तर मुदतवाढ त्या परवानगीच्या अर्जातच मागायची, उशिराच्या कारणांसकट. आधी मुदतवाढ मंजूर होऊ दे, अर्ज मग लिहू, म्हणून थांबलेली माणसं उशिरात आणखी दिवस घालतात, आणि त्या दिवसांचा जाबही पुन्हा त्यांनाच द्यावा लागतो.

आपल्याकडे याच्या जवळचा आहे तो विलंब माफीचा अर्ज, १९६३ च्या मुदत कायद्यातलं कलम ५. तोही अपिलासोबत जोडतात. पण साम्य तिथेच संपतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विलंबाकडे उदारपणे पाहायला सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये २०१४ च्या डेंटन निकालातली कसोटी लावतात: चूक किती गंभीर, ती का झाली, आणि मग एकूण परिस्थिती. वकिलाला द्यायला पैसे नव्हते, एवढं कारण पुरत नाही, हेही तिथल्या अपील कोर्टाने त्याच वर्षी सांगितलं.

दिवसांचं गणित सोपं आहे. अपील करणारी व्यक्ती ब्रिटनमध्ये असेल तर परवानगीच्या अर्जाला ट्रायब्युनलने निकालाची लेखी कारणं पाठवल्यापासून १४ दिवस, बाहेर असेल तर २८. सून कराडला आहे, तेव्हा २८. नवरा लेस्टरला आहे म्हणून ते १४ होत नाहीत. शनिवार-रविवार त्यातच धरायचे.

आणि ज्या कागदांसाठी थांबता, ते बहुतेक वेळा या पायरीला लागतही नाहीत. परवानगी मिळते ती कायद्याच्या चुकीवर: न्यायाधीशांनी समोरचा पुरावा पाहिलाच नाही, निष्कर्षाची कारणं दिली नाहीत, चुकीचा नियम लावला. ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला नंतर हाती आला, म्हणून आधीचा निकाल चुकीचा ठरत नाही. त्या दाखल्यासाठी तीन आठवडे हेलपाटे घालण्यापेक्षा ते तीन आठवडे निकालपत्र ओळ न ओळ वाचण्यात घालवा.

उशीर झालाच असेल, तर अर्जात तारखा लिहा. निकालाचा ईमेल कधी आला, तो कोणी उघडला, वकिलाशी पहिलं बोलणं कधी झालं, सून दवाखान्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडा. ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढं लिहून सोडू नका.