कुत्र्याच्या डोळ्यांची चमक

अंधारात कुत्र्याच्या तोंडावर बॅटरीचा झोत पडला की डोळ्यांच्या जागी हिरवट-पिवळे दोन ठिपके लकाकतात. हा उजेड कुत्र्याचा नसतो. बॅटरीतून गेलेलाच परत फिरलेला असतो. काजवा स्वतः प्रकाशतो, तसे डोळ्यांचे नाही. मिट्ट काळोखात, जिथे प्रकाशाचा कणही नाही, तिथे ते मुळीच चमकत नाहीत. निसर्गशास्त्रज्ञ बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी १८१० मध्येच हे दाखवून दिले होते. तरी ‘डोळ्यांतून प्रकाश निघतो’ ही समजूत काही पुरती गेलेली नाही.

प्रकाश परतवणाऱ्या थराला टॅपिटम ल्युसिडम म्हणतात. हा थर दृष्टिपटलाच्या मागे असतो. डोळ्यात शिरलेला सगळाच प्रकाश दृष्टिपटलातील पेशी टिपू शकत नाहीत. काही तसाच आरपार जातो. टॅपिटम तो मागे फेकतो आणि पेशींना तो टिपण्याची दुसरी संधी मिळते. अंधुक उजेडात कुत्र्याला माणसापेक्षा बरे दिसते त्यात याचा वाटा मोठा आहे. मोठी बाहुली आणि मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींची भरमार ही आणखी कारणे. मात्र परतलेला प्रकाश थोडा विखुरतो, त्यामुळे बारकावे धूसर होतात. दुसऱ्या खेपेलाही न टिपला गेलेला प्रकाश बाहुलीतून बाहेर पडतो. आपल्याला दिसते ती हीच उरलीसुरली चमक.

गंमत अशी, की बॅटरी हातात धरलेल्याला ती झळाळून दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्याला कदाचित दिसतही नाही. नेत्रभिंग बाहेरचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या भिंतीवर एकवटते. तिथून परतणारा प्रकाश त्याच भिंगातून, जवळजवळ आल्या वाटेनेच मागे जातो. म्हणून बॅटरी कपाळाजवळ धरली तर चमक सर्वांत ठळक.

कुत्र्यात हा थर डोळ्याच्या मागच्या भिंतीचा साधारण वरचा अर्धा भाग व्यापतो. भिंगामुळे प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे जमिनीकडून येणारा मंद प्रकाश नेमका वरच्या भागावर पडतो. खालच्या भागावर आकाशाचा उजेड येतो आणि तिथे बहुधा गडद रंजकद्रव्य असते. थराच्या पेशींत जस्तयुक्त सूक्ष्म कांड्या ओळीने रचलेल्या असतात. त्यांच्या मांडणीवर, थराच्या जाडीवर आणि पाहण्याच्या कोनावर चमकेचा रंग ठरतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, निळसर. जन्मतः टॅपिटम पूर्ण वाढलेले नसते. पिल्लांत ते आधी निळसर-जांभळे दिसते आणि पक्का रंग येण्यास काही महिने लागतात.

निळ्या डोळ्यांच्या काही कुत्र्यांत, उदाहरणार्थ अनेक सायबेरियन हस्कींत, टॅपिटम अपुरे असते किंवा नसतेच. रंजकद्रव्यही कमी असते. मग मागच्या रक्तवाहिन्यांवरून परतलेला प्रकाश लाल दिसतो. एक डोळा निळा आणि एक तपकिरी असला तर एकाच चेहऱ्यावर एक ठिपका लाल, दुसरा हिरवा, असेही घडते. फ्लॅशच्या छायाचित्रात माणसाचे डोळे लाल येतात तेही याच कारणाने, कारण माणसाला टॅपिटम नाही. डुकराला आणि बहुतेक माकडांनाही नाही. मांजरात ते कुत्र्यासारखेच पेशींचे असते, तर गाय, मेंढी, घोडा यांच्यात त्याचे काम कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू करतात.