वजीर देऊन मात: एका जुन्या डावाची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत बुद्धिबळाचा पट मांडला की आजोबा ‘वजीर’ म्हणतात आणि हिंदी शाळेत शिकणारी नात ‘रानी’. त्याच मोहऱ्याचं आणखी जुनं नाव फर्जी. ते इथे बहुतेकांना रहीमच्या दोह्यातून ठाऊक असतं: प्याद्याचा फर्जी झाला की तो वाकडा चालू लागतो. पटावर हे अक्षरशः खरं होतं. चतुरंग या जुन्या भारतीय बुद्धिबळातला मंत्री, आणि पुढे त्याच्याच फारसी-अरबी रूपातल्या, शतरंजातला फर्झीन, एका वेळी एकच घर चाले आणि तेही तिरकं.

असा मोहरा दिला तर कोण दचकणार? त्या काळी खरा दांडगा मोहरा हत्ती. म्हणूनच शतरंजाच्या ‘दिलाराम’ नावाच्या प्रसिद्ध मनसुब्यात, म्हणजे रचलेल्या कोड्यात, दोन्ही हत्ती देऊन मात होते. वजीराला उभं, आडवं, तिरकं, हवं तितकं जाण्याची मुभा १४७५ च्या सुमारास स्पेनमध्ये मिळाली. आणि १४९७ मध्ये स्पेनमधल्या सालामांकाला छापलेल्या, लुसेना या लेखकाच्या बुद्धिबळाच्या पुस्तकात तोच वजीर देऊन केलेली मात आहे! जेमतेम वीस-बावीस वर्षांत. पुढे तिला फिलिदोर या फ्रेंच बुद्धिबळपटूचं नाव चिकटलं, पण फिलिदोर जन्मला १७२६ मध्ये.

डाव असा (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८; जी८ म्हणजे जी रकान्यातलं आठव्या ओळीचं घर). काळ्याचा राजा जी८ वर, हत्ती एफ८ वर, प्यादी जी७ आणि एच७ वर, एफ७ मोकळं. पांढऱ्याचा घोडा जी५ वर. वजीर सी४ वरून शह देतो, राजा एच८ च्या कोपऱ्यात सरकतो. घोडा एफ७ वर शह. इथे हत्तीने घोडा मारला तर वजीर तो हत्ती घेतो. राजा जी८ वर परतला तर घोडा एच६ वर जातो आणि दुहेरी शह बसतो. जी७ च्या प्याद्याला घोडा मारता येत नाही, कारण वजीराचा शह तसाच राहतो. राजा पुन्हा एच८ वर. आता वजीर थेट जी८ वर! घोड्याचा आधार असल्याने राजा त्याला मारू शकत नाही, वजीर हत्तीनेच मारावा लागतो. त्या एका चालीने हत्ती राजाचं शेवटचं घर अडवतो आणि एफ७ वरचा पहाराही सोडतो. घोडा एफ७ वर, मात.

आपल्या देशी पद्धतीत किल्लेबंदी, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांना हलवून राजाला आडोशाला नेणं, नव्हती. शह लागलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी मिळे. त्यामुळे राजाशेजारी हत्ती आणि पुढे न हललेली प्यादी अशी कोंडी तिथे सहजी जमत नसे.

फसतं कुठे? काळ्याचा घोडा एफ६ वर असेल तर तोच जी८ वर वजीर मारतो, हत्ती एफ७ राखून बसतो आणि वजीर फुकट जातो. काळ्याचा वजीर ई७ वर असेल तर तो एफ७ वर आलेला घोडा टिपतो. एच-प्यादं पुढे सरकलेलं असेल तर राजाला एच७ मिळतं. वजीर उचलण्याआधी ही तिन्ही घरं डोळ्यांनी तपासावीत, एफ६ आधी.