मोठा पाइप, मंद पाणी

पाणी तुंबलं की पहिली मागणी ठरलेली: पाइप मोठा टाका. मागणी साहजिक आहे, पण जमिनीखालचा हिशेब वेगळा असतो. पावसाळी गटारात नुसतं पाणी शिरत नाही. रस्त्यावरची वाळू, माती, टायरची झीज, पालापाचोळा असं सगळं त्याच्या सोबतीने आत जातं. पाणी पुढे निघून जातं, सोबती वाटेत बसून राहतात.

वाळूचा कण तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा सुमारे २.६५ पट जड असतो. त्याला वाहतं ठेवायचं तर पाण्याला वेग हवा. पावसाळी पाइप भरून वाहताना हा वेग सेकंदाला निदान ०.९ मीटर असावा, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. सांडपाण्याच्या पाइपला ०.६ मीटरही चालतो, कारण त्यात वाळू कमी असते.

आता एक गणित करून पाहू. आयरिश अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाचं, एकोणिसाव्या शतकातलं सूत्र त्यासाठी आजही पुरतं. ६०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीटचा पाइप ५०० मीटरला १ मीटर उताराने टाकला, तर भरल्यावर तो सेकंदाला सुमारे २७५ लिटर पाणी नेतो. वेग ०.९७ मीटर, म्हणजे ठोकताळ्यात बसणारा. समजा, खोल खोदाई टाळायला कुणी त्याऐवजी ९०० मिलिमीटरचा पाइप निवडला. तेवढंच पाणी न्यायला त्याला सुमारे ४,३०० मीटरला १ मीटर इतका नाममात्र उतार पुरतो. कागदावर दोन्ही पाइप सारखेच. मात्र वेग ०.४३ मीटरवर येतो, आणि तळाला घासत जाणारा पाण्याचा जोर जवळजवळ सहा पट कमी होतो. कण हलणार की नाही हे ठरवतो तो हाच जोर. पाइप मोठा केल्याने नव्हे, मोठा करून उतार कमी केल्याने गाळ साचतो.

दुसरी अडचण रोजची आहे. पाइपचा आकार काही वर्षांतून एकदा येणाऱ्या मुसळधार पावसासाठी ठरवतात, पण बहुतेक सरी हलक्याच असतात. गोल पाइप अर्धा भरला तरी वेग पूर्ण भरल्याइतकाच राहतो. त्याखाली पाणी उतरलं की वेग घसरत जातो. वरच्या ६०० मिलिमीटरच्या पाइपमधून सेकंदाला १० लिटरच पाणी आलं, तर तळाशी जेमतेम ८ सेंटिमीटरची धार उरते आणि वेग ०.४६ मीटर. म्हणून माझ्या मते आराखड्यात दोन वेग लिहिलेले हवेत, मोठ्या पावसाचा आणि नेहमीच्या सरीचा. दुसरा लिहायचा बऱ्याचदा राहूनच जातो.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये यावर सुंदर तोड वापरली गेली: अंड्याच्या आकाराची, निमुळतं टोक खाली असलेली गटारं. थोडं पाणी अरुंद तळात एकवटतं, त्यामुळे खोली आणि वेग दोन्ही टिकतात. वरचा रुंद भाग मोठ्या पावसाच्या कामी येतो.

साचलेला गाळ लवकर काढावा, यालाही कारण आहे. वाहता कण वाहता ठेवणं सोपं, बसलेला उठवणं अवघड. पावसाच्या दोन सरींमध्ये कोरडे दिवस गेले, की बारीक चिखल, तेलकटपणा आणि कुजलेला पाला मिळून गाळ चिकट होतो. मग पुढची सर त्याच्या अंगावरून निघून जाते.

उरलेली पथ्यं बारीकसारीक आहेत. रस्त्याकडेच्या चेंबरचा तळ बाहेर पडणाऱ्या पाइपपेक्षा खोल ठेवला, की जड वाळू तिथेच अडते. तो खड्डा वेळेवर उपसला नाही, तर असून नसल्यासारखा. लहान पाइप मोठ्याला मिळतो तिथे दोघांच्या वरच्या कडा एका पातळीत ठेवतात, म्हणजे मोठ्यातलं पाणी लहान पाइपमध्ये मागे तुंबत नाही.

आणि उतार देताच येत नसेल तर? नदीखालून जाणाऱ्या वाहिनीला खाली उतरून पुन्हा वर चढावंच लागतं. पॅरिसमध्ये अशा वाहिन्यांत त्यांच्या व्यासापेक्षा किंचित लहान लाकडी गोळा सोडत. गाळापाशी गोळा अडला, की मागे पाण्याचा दाब वाढे. मग उरलेल्या फटीतून पाणी जोरात सुटे आणि गाळ खरवडून पुढे लोटी. वाट मोकळी होताच गोळा पुढच्या गाळापर्यंत घरंगळत जाई.