मिसिसिपी २०१४: जिथे प्रायमरी ब्लॅक लोकांना बंद होती तिथेच त्यांची मतं मागितली गेली

२४ जून २०१४ ला अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या सिनेट प्रायमरीचा (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा) रनऑफ, म्हणजे दुसरी फेरी, झाली आणि ७६ वर्षांचे सिनेटर थॅड कॉक्रन साडेसात हजारांच्या आसपास मतांनी वाचले. त्यांना तारलं ते मुख्यतः राजधानी जॅक्सन आणि राज्याच्या डेल्टा भागातल्या ब्लॅक मतदारांनी, जे एरवी जवळपास सगळे डेमोक्रॅट्सच्या बाजूने असतात. हे समजायला खूप मागे जावं लागतं.

१८९० च्या राज्यघटनेत मिसिसिपीने पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरायचा कर) आणला, वर घटनेतलं कलम वाचून किंवा ऐकून अर्थ सांगायची परीक्षा, आणि पास-नापास कोण ठरवणार तर गोरा कारकून. १९०२ च्या कायद्याने प्रायमरी आली. तेव्हा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षच सर्वेसर्वा, म्हणजे त्यांची प्रायमरी जिंकला तो निवडून आलाच, नोव्हेंबरचं मतदान नावापुरतं. आणि त्या प्रायमरीत फक्त गोरे. खरी निवडणूक जिथे होते तिथेच आत येऊ द्यायचं नाही, इतका साधा आणि इतका क्रूर हिशोब. सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्ये टेक्ससच्या केसमध्ये व्हाइट प्रायमरी बेकायदा ठरवली तरी मिसिसिपीत १९६४ पर्यंत सात टक्क्यांहून कमी ब्लॅक लोकांची मतदार म्हणून नोंद होती. त्याच वर्षी जूनमध्ये नोंदणीच्या मोहिमेतल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा मिसिसिपीतल्याच फिलाडेल्फिया गावाजवळ खून झाला, ऑगस्टमध्ये मतदान हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक कार्यकर्त्या फॅनी लू हेमर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात जाऊन स्वतःला झालेल्या मारहाणीची हकिगत सांगून आल्या, आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा आल्यावर कुठे दारं उघडली.

मग गंमत बघा, म्हणजे गंमत तरी कशी म्हणू. नागरी हक्कांना विरोध करणारे गोरे डेमोक्रॅट्स हळूहळू रिपब्लिकन झाले आणि ब्लॅक मतदार डेमोक्रॅट. १९७८ ला कट्टर वर्णभेदवादी डेमोक्रॅटिक सिनेटर जेम्स ईस्टलँड निवृत्त झाले, त्यांच्या जागेसाठी खून झालेले नागरी हक्कांचे ब्लॅक नेते मेडगर एव्हर्स यांचे भाऊ चार्ल्स एव्हर्स अपक्ष उभे राहिले, डेमोक्रॅट्सची मतं फुटली आणि कॉक्रन फक्त ४५ टक्क्यांवर जिंकले. म्हणजे त्यांच्या सिनेटच्या सुरुवातीलाही ब्लॅक मतं कुठे गेली यावरच सगळं ठरलं होतं, फक्त तेव्हा ती मागावी लागली नव्हती.

३६ वर्षांनी टी पार्टीचे, म्हणजे रिपब्लिकनांमधल्या सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या कट्टर उजव्या गटाचे, क्रिस मॅकडॅनियल समोर आले. ३ जूनच्या पहिल्या फेरीत ते किंचित पुढे होते, पण पन्नास टक्के कोणालाच नाहीत, म्हणून रनऑफ. मिसिसिपीत मतदार पक्षाच्या नावाने नोंदवत नाहीत, ३ जूनला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं नसेल तर २४ ला रिपब्लिकन रनऑफला जाता येतं. कॉक्रनच्या लोकांनी हेच हेरलं. चर्चमधून, रेडिओवरून, पत्रकं वाटून सांगितलं की कतरिना वादळानंतर निधी कोणी आणला, शाळा आणि हॉस्पिटलांचे पैसे कोणामुळे येतात. काही पत्रकं आणि रेकॉर्डेड कॉल्स टी पार्टीची भीती घालणारे होते, त्यावरून मोठा वाद झाला. एरवी रनऑफला मतदान घटतं, इथे साठ हजारांहून जास्त मतं वाढली. मॅकडॅनियल कोर्टात गेले, उशिरा आलात म्हणून राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबरमध्ये केस संपवली.

त्या ब्लॅक मतदारांना कोणी फसलेले म्हणतं ते मला अजिबात पटत नाही. राज्यात सदतीस टक्क्यांच्या आसपास लोक ब्लॅक, तरी राज्यभराच्या निवडणुकीत त्यांचा माणूस येत नाही, मग दोन गोऱ्या रिपब्लिकनांमधला कमी घातक कोण हे ठरवायची एक संधी मिळाली आणि त्यांनी ती नीट वापरली. हिशोब त्यांनीही केला. पुढची जबाबदारी मतं घेणाऱ्यांची होती.

कॉक्रन १ एप्रिल २०१८ ला तब्येतीमुळे पायउतार झाले. त्यांच्या जागी नेमलेल्या सिंडी हाइड-स्मिथ प्रचारात एका समर्थकाबद्दल म्हणाल्या की याने जाहीर फाशी बघायला बोलावलं तरी मी पहिल्या रांगेत असेन, तेही लिंचिंगचा इतका मोठा इतिहास असलेल्या राज्यात. समोर होते माइक एस्पी, ब्लॅक डेमोक्रॅट. ही लढतही रनऑफवर गेली आणि हाइड-स्मिथ सात टक्क्यांच्या आसपासच्या फरकाने जिंकल्या.