पायाभूत चित्रकला अभ्यासक्रमाचा अर्ज : चित्रं बरी असूनही परत का येतो?

पायाभूत स्टुडिओ अभ्यासक्रमाची पात्रता फारशी अवघड नसते. शालेय शिक्षण पूर्ण हवं. शाळेत चित्रकला विषय असलाच पाहिजे अशी सक्ती अनेक ठिकाणी नसते. तरी पुष्कळ मुलं याच भीतीने अर्जच करत नाहीत. नोंदणी, शुल्क, सही हे अर्ध्या तासाचं काम. घोडं अडतं ते पोर्टफोलिओपाशी, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संचापाशी.

साधारण १० ते २० कामं मागतात. त्यांत समोर वस्तू ठेवून काढलेली रेखाटनं हवीतच. फोटोवरून उतरवलेले नटनट्यांचे चेहरे कितीही हुबेहूब असले तरी परीक्षकाला त्यातून काही कळत नाही. त्याला बघायचं असतं प्रमाण, छायाप्रकाश आणि डोळ्याची पातळी, म्हणजे वस्तू किती उंचीवरून पाहिली ते. भांड्याचं तोंड लंबगोल आणि बूड मात्र सरळ रेघेत, ही चूक पहिल्या नजरेत दिसते. पुसलेल्या, दुरुस्त केलेल्या रेघांची स्केचबुकातली दोन-तीन पानं जोडा. ती लपवायची गोष्ट नाही.

आता कामांचे फोटो. चांगली चित्रं इथेच मार खातात. फ्रेम असेल तर काच काढा. चित्र भिंतीला सपाट लावा आणि कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यासमोर धरा. फोन अगदी जवळ नेला तर कडा वाकतात, म्हणून मागे सरका आणि दुप्पट झूम वापरा. फ्लॅश बंद. उघड्यावरच्या सावलीतला उजेड उत्तम. दिवे लावायचे तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, नाहीतर पेन्सिलचे गडद भाग चकाकतात. काही फोन फोटो एचईआयसी स्वरूपात साठवतात आणि पोर्टल ते घेत नाही. जेपीईजी करून घ्या. प्रत्येक कामाखाली माध्यम, वर्ष आणि माप लिहा. माप आधी उंची, मग रुंदी : उभा ए२ कागद म्हणजे ५९.४ × ४२ सेंमी. उलटं लिहिलं की उभं चित्र कागदोपत्री आडवं होतं.

शिफारसपत्र हा खरा काटा. ते शिक्षकांनी परस्पर पाठवायचं असतं आणि बऱ्याचदा त्यालाही तीच अंतिम तारीख लागू असते. अर्जदार शेवटच्या रात्री ‘सबमिट’ दाबतो आणि शिक्षकांना पत्र पाठवायचा दुवा तेव्हा कुठे जातो! महिनाभर आधी सांगा. परदेशी संस्था असेल तर रात्रीचे ११:५९ हे तिथल्या घड्याळाचे, हेही तपासा.

गुणपत्रिका आणि ओळखपत्रावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्र मागतात. हा हट्ट वैताग आणणारा आहे, पण खिडकीशी वाद घालून तो सुटत नाही. कागद आधीच करून ठेवा.

आरोग्याचा फॉर्म मागितला असेल तर कोरा सोडू नका. दमा किंवा टर्पेंटाइनची अ‍ॅलर्जी असेल तर स्पष्ट लिहा. ऑइल पेंटिंग आणि छापचित्रणाच्या वर्गात टर्पेंटाइनसारख्या द्रावकांची वाफ असते. आधी कळलं तर पाण्यात मिसळणारे रंग वापरायची सोय करता येते.